गोळी देण्याआधीचा प्रश्न

लग्नात, बारशात कुणी माझी ओळख "या सिस्टर आहेत" अशी करून दिली, की ताट हातात येईपर्यंत कुणीतरी शेजारी सरकतं आणि हळू आवाजात विचारतं, "सिस्टर, ती जिभेखाली ठेवायची गोळी घरात ठेवून द्यावी का?" मी विचारते, "कुणासाठी?" यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "कुणासाठी असं न्हाई, आपली असावी घरात." जणू ती गोळी म्हणजे मेणबत्ती. लाइट गेली की शोधायची.

माझं माहेर जुन्या जालन्यातलं, कापडाच्या दुकानांच्या गल्लीतलं. नोकरीची बहुतेक वर्षं मात्र घनसावंगीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात गेली. नेमणुकीचं कळलं तेव्हा आई म्हणाली होती, "तिकडं उसात जाऊन काय करणार तू?" केलं बरंच. बाळंतपणं केली, साप चावलेले सांभाळले, ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्याच्या जखमा बांधल्या. पण तुमचं खास काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, छातीत धरणाऱ्या माणसांना त्यांच्या गोळ्या समजावून सांगणं. या कामाचा कुणी फोटो काढत नाही. बाकावर शेजारी बसून तेच ते बोलायचं असतं, आणि माणूस दर खेपेला "हो हो" म्हणून घरी जाऊन स्वतःच्या मनाचं करतो.

आमच्याकडे "छातीत धरतं" म्हणतात, त्याला डॉक्टर अंजायना म्हणतात. चढावर चालताना, पोटभर जेवून लगेच उठल्यावर, भावकीत भांडण झाल्यावर छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं. कधी कळ डाव्या हातात उतरते, कधी जबड्यात चढते. थांबलं, बसलं की ओसरते. सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. त्याच्या नळ्या अरुंद झाल्या की बसल्या जागी भागतं, कष्टाला कमी पडतं. अटॅक आला म्हणजे नळी बंदच पडली आणि मांस मरायला लागलं. अंजायना त्याच्या अलीकडचा. पण कळ बसल्या जागी यायला लागली, पहिल्यापेक्षा जास्त यायला लागली, तर माणूस अटॅकच्या उंबऱ्यावर उभा आहे असं धरायचं.

जिभेखालची गोळी अंगातल्या रक्तवाहिन्या सैल करते. रक्त थोडं खालीच रेंगाळतं, हृदयाकडे परत येणारा लोंढा कमी होतो आणि त्याचं ओझं हलकं होतं. जिभेखालून ती थेट रक्तात जाते. गिळली तर वाटेत लिव्हरच तिचा बराचसा जीव काढून घेतं. एवढं सांगूनही लोक ती गिळतात. एक आजी वर चहा प्यायच्या, म्हणजे "गोळी खाली उतरंल". दुसऱ्या एकींनी सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून हळदी-कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या होत्या. दुखायला लागलं की पिवळी झालेली गोळी तोंडात.

याच औषधाचा चिकटवायचा पॅच येतो. तो दंडावर किंवा छातीवर लावायचा, आणि रात्री काढून ठेवायचा, कारण दिवसरात्र मिळत राहिलं तर अंगाला औषधाची सवय होते आणि त्याचा गुण जातो. आमच्या एका निवृत्त गुरुजींना जालन्याच्या डॉक्टरांनी पॅच दिला होता. ते चक्कर येते म्हणून आले. सदरा वर केला तर आजचा पॅच, त्याच्या खाली कालचा, काखेजवळ परवाचा. मी म्हणाले, "गुरुजी, जुने काढले का नाहीत?" ते म्हणाले, "लावा म्हणून सांगितलं होतं. काढा म्हणून कोणी बोललं नाही." गुरुजींनी जन्मभर पोरांना वाक्य पूर्ण वाचायला शिकवलं होतं. पॅचच्या डबीवरचं वाक्य मात्र इंग्रजीत होतं.

तिसरं औषध रोजचं. हृदयाचा वेग आवरणारी गोळी. ती घेतली की हृदय सावकाश, कमी जोर लावून काम करतं आणि कळ येण्याची वेळच कमी येते. ही द्यायच्या आधी नाडी बघायची, प्रेशर बघायचं, दमा आहे का विचारायचं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची, की ही आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. तसं केलं तर दाबून ठेवलेलं हृदय उसळी मारतं आणि कळ पहिल्यापेक्षा जोरात परत येते.

मला सांगायची आहे ती हकिकत या रोजच्या गोळीपासून सुरू झाली.

केशवनाना गोदाकाठच्या एका गावचे. ऊस, थोडा कापूस, दोन मुलं, सुना, नातवंडं. गावात बांधाचं भांडण झालं की दोन्ही बाजू नानांच्या ओसरीवर येत, आणि नाना जो शब्द टाकत तो दोन्हीकडून पाळला जाई. धोतर, पांढरा सदरा, आवाज कधी चढत नसे. (नाव आणि गाव मी बदललं आहे. लिहू का म्हणून विचारायला गेले तेव्हा नाना म्हणाले, "नाव लिहिलं तरी चालतंय." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बिलकुल चालणार न्हाई." म्हणून बदललं.)

जालन्याला तपासण्या होऊन त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याच्या महिन्याला ते आमच्याकडे यायला लागले. जिभेखालची गोळी पहिल्यांदा घेतल्यावर ते तक्रार घेऊनच आले.

"सिस्टर, तुमची गोळी बराबर न्हाई. छातीतलं दुखणं काढून डोक्यात नेऊन ठेवलं."

मी म्हणाले, "नाना, डोकं ठणकलं म्हणजे गोळी चांगली आहे. डोक्यातल्या नसाही सैल होतात, म्हणून ठणकतं. थोड्या वेळानं थांबतं."

त्यांनी विचार केला. "म्हणजे एका घरचं भांडण मिटवाया दुसऱ्या घरात थोडं लावायचं."

"तसंच समजा."

ते त्यांना पटलं. मी त्यांच्या थोरल्या मुलाला, बळीरामला, जवळ बसवून सगळं शिकवलं. कळ आली की आधी बसवायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, गिळू द्यायची नाही, थोड्या वेळात कळ थांबली नाही तर वाट बघत बसायचं नाही, सरळ गाडीत घालून आणायचं. बळीराम शहाणा मुलगा. त्याने गोळ्यांचं पाकीट तेव्हापासून स्वतःच्या खिशात ठेवलं.

नानांची पहिली बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. साठीला आले असताना त्यांनी दुसरं लग्न केलं. चंद्रकलाबाई परतूरकडच्या, विधवा, मूलबाळ नाही, वयाने बऱ्यापैकी लहान. गाव थोडं हसलं, सुना थोड्या फुगल्या, मुलांनी मान खाली घालून पत्रावळी वाढल्या आणि विषय संपला. पुढच्या खेपेला दोघं बरोबरच आले. चंद्रकलाबाई कमी बोलणाऱ्या, पण प्रत्येक गोळी हातात घेऊन कशाची, कधी, जेवणाआधी की नंतर, असं विचारून घेणाऱ्या. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी नाना एकटे आले. प्रेशर बघून झालं तरी बाकावरून उठेनात. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, "सिस्टर, या गोळ्यानं माणूस थंडा पडतो का?"

नर्सच्या नोकरीत आडून बोललेलं ऐकायचा कान तयार होतो. मी तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "पडतो, नाना. सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतं. ती वेग कमी करणारी गोळी आहे ना, तिच्यामुळे थकवा येतो, आणि संसारातही फरक पडू शकतो. लाजायचं कारण नाही. आत सांगा, गोळी बदलून मिळते, कमी करता येते. फक्त तुमच्या मनानं बंद करू नका."

"सांगतो," नाना म्हणाले आणि उठले.

आतल्या खोलीत त्या महिन्यापासून नव्या डॉक्टर मॅडम होत्या. नुकतंच शिक्षण संपवून आलेल्या, हुशार, पेशंटचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. पण नानांच्या नातीपेक्षा जेमतेम मोठ्या. नानांनी दारातून आत बघितलं, मॅडमना बघून हात जोडले आणि तसेच बाहेरच्या बाहेर निघून गेले.

पुढे जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. घरी जाऊन त्यांनी ती रोजची गोळी बंद करून टाकली. चंद्रकलाबाई हातावर ठेवायच्या, नाना तोंडात टाकल्यासारखं करून सदऱ्याच्या खिशात सोडायचे. आठवडी बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना दुसरी गोळी दिली, ताकदीची. चार निळ्या-पिवळ्या गोळ्यांचं छोटं पाकीट.

आता इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. ही ताकदीची गोळीसुद्धा रक्तवाहिन्याच सैल करते. एरवी त्यात मोठं काही नाही. पण ती अंगात असताना छातीची ती जिभेखालची गोळी दिली, तर दोन्ही मिळून एकाच दिशेला ओढतात. प्रेशर एकदम खाली जातं, इतकं की माणूस हातातून निसटू शकतो. म्हणून छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाला नायट्रेट, म्हणजे ती जिभेखालची गोळी, देण्याआधी एक प्रश्न विचारायचाच असतो. पुस्तकात तो एका ओळीत आहे. आमच्या दवाखान्यात, मुलांसुनांच्या गराड्यात, साठीच्या माणसाला तो विचारणं ही वेगळीच परीक्षा.

त्या दिवशी सकाळचा राउंड नुकताच संपला होता. गेटातून जीप सरळ पायरीपर्यंत आली. बळीराम आणि धाकटा भाऊ नानांना दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन आले. मागून चंद्रकलाबाई, पायात चप्पल नाही. नानांचा चेहरा घामाने ओला, ओठ पांढरे, उजव्या हाताची मूठ छातीवर.

"सकाळपसून दुखून राह्यलंय," बळीराम म्हणाला. "म्या गोळी देत होतो, तर घेईनात. म्हणले, दवाखान्यात चल."

मी त्याच्याकडे बघितलं. छातीत दुखताना गोळी नको म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पलंगावर घेतलं, ईसीजीच्या तारा लावल्या, प्रेशर घेतलं. ईसीजीत रक्त कमी पडत असल्याच्या खुणा होत्या. प्रेशर नानांच्या नेहमीच्या मानाने बरंच खाली. मॅडमनी ईसीजीची पट्टी बघितली, नानांच्या हातावर हात ठेवला आणि स्वच्छ विचारलं, "आजोबा, काल-परवात शक्तीची कुठली गोळी घेतली होती का?"

दोन्ही मुलं पलंगाला टेकून उभी होती. मागे गावातली आणखी चार माणसं.

"न्हाई," नाना म्हणाले.

पण म्हणण्याआधी त्यांची नजर चंद्रकलाबाईंकडे गेली होती, आणि चंद्रकलाबाईंची जमिनीकडे. बाकावर भिंतीकडे बघत विचारलेला तो प्रश्न मला आठवला. मी मॅडमना म्हणाले, "एक मिनिट द्या मला." त्यांनी ओळखलं. त्याच म्हणाल्या, "सगळे बाहेर थांबा. पेशंटचे कपडे बदलायचेत. फक्त बाई राहू द्या."

पडदा ओढला. मी जिभेखालची गोळी हातावर घेतली आणि नानांच्या तोंडाशी वाकले.

"नाना, पोरं बाहेर गेलीत. ही गोळी तुम्हाला ओळखीची आहे. ती दुसरी गोळी तुम्ही घेतली नसेल, तर ही आत्ता आराम देईल. घेतली असेल, तर ही दिली की तुमचं प्रेशर बसेल आणि मला ते वर आणता येईल की नाही, सांगता येत नाही. मी काही विचारत नाही. जीभ वर करा, मी ठेवते."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मी गोळी ट्रेमध्ये ठेवून दिली. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कळीचं होतं की लाजेचं, मी विचारलं नाही.

चंद्रकलाबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि ते छोटं पाकीट पुढे केलं. "पोरांच्या हाताला लागू न्हाई म्हणून निघताना उचललं," त्या म्हणाल्या. "काल एक घेतली. मला आज पहाटं सांगितलं. दुखायला लागल्यावर." मग म्हणाल्या, "मंग मीच म्हणलं ह्यांना, ही खाल्लीय तर दुसरी कोणतीच गोळी घिऊ नका, आधी दवाखान्यात चला. मला काय समजतंय त्यातलं. भीती वाटली."

मॅडमनी पाकिटावरचं नाव वाचलं. या गोळ्यांतही दोन जाती असतात. एकीचा असर दिवसभरात जातो, दुसरीचा दोन दिवस राहतो. ही दुसरी होती.

"बरं झालं सांगितलंत," मॅडम नानांना म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हसू नव्हतं. "आता आपण दुसऱ्या रस्त्यानं जाऊ."

दुसरा रस्ता होता. रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून ॲस्पिरिन चावून खायला दिली, दुसरी रक्त पातळ करणारी गोळी दिली. सलाइनची सुई लावून ठेवली. दुखणं कमी करायचं इंजेक्शन प्रेशर बघत बघत थोडं थोडं दिलं. कळ अर्ध्यावर आली. मॅडमनी जालन्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून काय घेतलं, कधी घेतलं, काय द्यायचं नाही, सगळं सांगितलं. रुग्णवाहिका तयार झाली आणि मी बरोबर निघाले. चंद्रकलाबाईंना ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे नाना, मी आणि बळीराम.

अंबड मागे पडेपर्यंत बरं चाललं होतं. मग रस्त्याचं काम सुरू होतं तिथे गाडी खडखडायला लागली आणि नानांची कळ पुन्हा वर आली. त्यांच्या पायाची बोटं आवळली गेली. बळीरामने ते पाहिलं. त्याचा हात खिशात गेला, पाकीट बाहेर आलं आणि मी वळेपर्यंत त्याने गोळी सोडवलीही होती.

मी त्याचं मनगट धरलं.

"सिस्टर, सोडा."

"ही आज द्यायची नाही, बळीराम."

"तुम्हीच शिकवलं ना मला? बाकावर बसवून शिकवलं. वाट पाहू नको, जिभेखाली ठेव. आणि आज तुम्हीच हात धरता?"

"आज नाही द्यायची. माझ्यावर विश्वास ठेव."

"कामून न्हाई द्यायची? माणूस तडफडून राह्यलाय आणि तुम्ही नुसत्या बसल्या."

त्याचा हात माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता. ऊस तोडणारा हात. त्याने झटका दिला असता तर मी बाजूला पडले असते. त्याला कारण सांगावं तर नानांची लाज उघडी पडते, आणि पेशंटने घरी न सांगितलेलं आपण त्याच्या घरच्यांना सांगायचं नाही हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. न सांगावं तर हा मुलगा बापाच्या प्रेमापोटीच बापाला धोक्यात घालणार. मी मनगट सोडलं नाही.

नानांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हाताने बाजूला केला.

"बळी," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण ओसरीवर न्याय सांगतानाचा होता तोच. "सिस्टरचं ऐक. म्या काल दुसरी गोळी खाल्ली हाय. मर्दाची. तिच्यासंगं ही चालत न्हाई. सिस्टरला माहीत होतं, पर माझी लाज राखाया त्या बोलल्या न्हाईत."

बळीरामचा हात सैल पडला. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. खिडकीबाहेर बघत राहिला, जिथे बघण्यासारखं कोरड्या वावराशिवाय काही नव्हतं. मी मास्क पुन्हा बसवला, उरलेलं इंजेक्शन अंदाज घेत थोडं दिलं, प्रेशर मोजलं. टिकून होतं.

मग बळीरामने हातातली गोळी खिशात ठेवली, खाली घसरलेली चादर उचलली आणि नानांच्या पायांवर नीट पांघरली. तळपायापर्यंत दाबून बसवली.

"बराबर हाय, नाना," तो म्हणाला. "पडून ऱ्हावा."

त्या विषयावर बापलेकांत झालेलं एवढंच बोलणं. माझ्या माहितीप्रमाणे पुढेही कधी झालं नाही, आणि व्हायची गरजही नव्हती.

जालन्याला डॉक्टर तयार होते. त्या औषधाचा असर उतरेपर्यंत नानांना नजरेखाली ठेवलं, मग अँजिओग्राफी करून अरुंद झालेल्या नळीत स्टेंट बसवला. हृदयाचं फारसं नुकसान झालं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर परतले तेव्हा मॅडमनी कपाटातून बिस्किटाचा पुडा काढला आणि आम्ही दोघींनी तो संपवला.

नाना परत तपासणीला आले तेव्हा या खेपेस मॅडमनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं. रोजची गोळी बदलून आली होती, डोसही कमी. ती मनाने बंद केल्याने काय झालं, हे त्यांनी समजावलं. मग सरळ म्हणाल्या, "संसाराचं पण विचारा. तेही आमचंच काम आहे."

चंद्रकलाबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "परत पहिल्यावानी ऱ्हायला चालतंय का?"

"दोन जिने न थांबता, न दुखता चढता आले की चालतं," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या गावात जिनाच न्हाई," नाना म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात नानांचा आवाज पहिल्यांदा काळजीचा वाटला.

"पायऱ्या असतील कुठं."

"देवीच्या टेकडीला हाईत."

"मग रोज थोड्या थोड्या चढायच्या."

नाना चढायला लागले. रोज संध्याकाळी, पांढरा सदरा घालून, पहिल्या आठवड्यात थोड्या, मग जास्त. वरच्या पायरीवर टेकायचे, नाडी बघायचे, उतरायचे. गावाला वाटलं, मोठ्या दुखण्यातून उठून नाना देवभोळे झाले. पुजाऱ्याने त्यांचं उदाहरण तरण्या पोरांना द्यायला सुरुवात केली. चंद्रकलाबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या, की औषधं देणारा आमचा फार्मासिस्ट खिडकीतून डोकावला.

या हकिकतीनंतर मॅडमनी आणि मी मिळून एक रीत पाडली. छातीच्या औषधावर असलेल्या प्रत्येक माणसाला, तरुण असो की म्हातारा, एकट्याला आत घ्यायचं आणि नाडी, प्रेशर, डोकेदुखी विचारतो त्याच सुरात संसाराचा आणि ताकदीच्या गोळीचा तोही प्रश्न विचारायचा. सुरुवातीला लोक चपापायचे. मग सवय झाली. तेव्हा कळलं, की कितीतरी जणांनी गोळ्या गुपचूप बंद केल्या होत्या, आणि घरचे समजत होते की दुखणं औषधालाच दाद देत नाही. त्यांच्यातले काही आमच्यापर्यंत फार उशिरा पोचले. ते चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात. पण जे वेळेत पोचले ते जास्त आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मी समाधानी आहे.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. ओपीडीत गर्दी होती. एक पन्नाशीचा माणूस आत आला, उंचपुरा, डोक्यावर टोपी, मिशीला पीळ. मी समोरच्या स्टुलाकडे हात केला तरी तो उभाच. नजर भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरवर लावून त्याने एका दमात सुरुवात केली. छातीत धरतं, गोळी चालू आहे, एक गोळी मनाने सोडली होती, बाजारातून एक दुसरी घेतली होती, दोनदा, मागल्या महिन्यात, आता बंद आहे, बायकोला माहीत आहे, मुलाला नाही.

मी लिहायचं थांबून वर बघितलं.

"केशवनानांनी पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणले, सिस्टर इचारणारच हाईत, तू आधीच सांगून मोकळा हो."

आणि मग तो स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, रुमालाने कपाळ पुसलं.

मी पेन उचललं आणि म्हणाले, "आता नाव सांगा."